मुनीमआप्पांची हर्राशी

औशाचा किल्ला लांबून दिसत नाही. चहूबाजूंनी चढाचं रान आणि मधल्या खोलगट जागेत तो दबा धरून बसलेला. आतल्या उंच बुरुजावरच्या पहारेकऱ्याला मात्र लांबून येणाऱ्याची धूळ दिसायची. मुनीमआप्पांनी हॉटेलातली आपली जागा ह्याच हिशेबानं धरलेली असावी. भट्टीच्या मागं, खांबाच्या आड, पाठ भिंतीला. आत येणाऱ्याला आप्पा दिसत नाहीत. आप्पांना मात्र त्याच्या हातात मोबाइल कसा धरलाय एवढ्यावरून कळतं, की ह्याला काहीतरी स्वस्तात सापडलंय.

"काय बघूलालाव?" खांबामागून आवाज येतो. मग सुटका नाही.

आप्पांनी लातूरच्या आडतीवर ३६ वर्षं मुनिमकी केली. रोज सकाळी औशाहून एसटीनं वीस किलोमीटर जायचं, सौद्याला उभं राहायचं, संध्याकाळी पट्ट्या लिहून परत. फडक्यात बांधून आणलेल्या नमुन्याला तिकडं पोटली म्हणतात. ती सोडायची, सोयाबीन तळहातावर पसरायचं, दोन दाणे दाताखाली धरायचे आणि मग तोंड उघडायचं. ह्या क्रमात आप्पांनी ३६ वर्षांत बदल केला नाही. त्यांच्या बाईंनी आणलेली शेवग्याची शेंगसुद्धा ते आधी वाकवून बघतात. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी जावई कोणता आणि नमुना कोणता, हेही त्यांनी विचारलं होतं म्हणतात. ते मी ऐकीव सांगतोय.

निवृत्त झाल्यावर पुतण्यानं मोबाइल दिला. लोक उतारवयात पोथीकडं वळतात, आप्पा हर्राशीकडं वळले. लिलाव हा पेपरातला शब्द. आमच्याकडं हर्राशीच म्हणतात, मग ती देवळातल्या नारळाची असो की बँकेनं ओढून आणलेल्या जीपची. आप्पा रोज सकाळी दहाला चष्मा पुसून बसतात आणि कुठल्या बँकेनं काय जप्त केलंय, किती वाजता बोली बंद होणार, हे वहीत उतरवतात. सोलापूरचा गाळा, नांदेडचा जेसीबी, पुण्यातला फ्लॅट, कुठल्याशा कारखान्याचं भंगार. शेवटच्या दहा मिनिटांत ते कोणाशी बोलत नाहीत. बोली संपली की विकलेली किंमत वहीत लिहितात, तिच्यापुढं 'महाग' असा शेरा मारतात आणि चहा सांगतात. स्वतः त्यांनी आजवर सुतळीचा तोडासुद्धा घेतलेला नाही.

तरी गावातला निम्मा ऑनलाइन व्यवहार त्यांच्या खांबाला शिवल्याशिवाय पुढं जात नाही, आणि त्याला कारण आहे.

मागं एका दुकानदाराच्या पोराला अर्ध्या किमतीत बुलेट मिळत होती. बोलीवर होती, आणि दर तासाला कुणीतरी हजार-पाचशे चढवत होतं. विकणारा फौजेत. फोटो वर्दीतला, ओळखपत्राचाही फोटो. बदली झालीय, गाडी विकायचीय, आधी पाच हजार टाका, गाडी फौजेच्या ट्रकनं घरपोच. पोरगं देशभक्तीनं भारावलेलं. आप्पांनी फोटो बघितलाच नाही. म्हणाले, "बदली झाली म्हणतो, मग छावणीत दुसरा जवान न्हाई का घ्यायला? शेजारी सोडून हा औशातलं गिऱ्हाईक धुंडूलालाय?" पोरगं म्हणालं, पण आप्पा, बोली तर वाढतीय. आप्पा हसले. सौद्याला माल चढवायला आपलाच माणूस गर्दीत उभा करतात, त्याला ते 'चढव्या' म्हणतात. बाजारात चढव्याचं तोंड दिसतं, त्याचे पानाचे पैसे कोण देतं तेही कळतं. मोबाइलमध्ये एकच माणूस पाच नावांनी स्वतःच्याच गाडीवर बोली लावतो आणि पानही खावं लागत नाही.

ह्या फौजी बुलेटनं देशभरात किती जणांना गंडवलंय, हे पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. ह्या फौज्यांचा दुसरा डाव विकणाऱ्यावर असतो. तुमचं कपाट ते न बघताच घेतात, 'पैसे पाठवतोय, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका' म्हणतात. आप्पांनी ह्यावर हॉटेलवाल्याकडून गल्ल्याच्या वर खडूनं लिहून घेतलंय: पैसे घ्यायला पिन लागत नाही. खाली १९३० हा सायबर तक्रारीचा फोन नंबर. त्याच्या खाली, हॉटेलवाल्याच्या अक्षरात: उधार बंद आहे.

हा हॉटेलवालाही एकदा घसरला होता. त्याच्याकडं वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं होतं आणि कुणीतरी ऑनलाइन बोलीत त्याचे दहा लाख द्यायला तयार होतं. फक्त अकराशे रुपये नोंदणी आणि रिझर्व्ह बँकेचं कमिशन आधी भरायचं. कागदावर शिक्का, वाघ, ताडाचं झाड, सगळं होतं. असली कुठलीही फी किंवा कमिशन आपण मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलेलं आहे. पण पत्रकाला दहा लाखांचं वजन कुठलं? आप्पांनी काय केलं, तर घरून एक रुमाल आणला. त्यात चारमिनारचं चित्र असलेला निजामाचा चांदीचा रुपया, हाली सिक्का, वडिलांच्या वेळचा. तो काउंटरवर आपटून म्हणाले, "हे राज्य १९४८ ला बुडालं. हा खरा जुना, खऱ्या चांदीचा. ह्याचा एक चहा दे." हॉटेलवाला म्हणाला, हा चालत नाही. "मग तुझा पाचाचा दहा लाखाला कसा चालूलालाय?" त्या दिवशी अकराशे वाचल्याच्या आनंदात नव्हे, दहा लाख गेल्याच्या दुःखात हॉटेल दुपारीच बंद झालं.

मी स्वतः आप्पांच्या ओळखीच्या आधी फसलोय, म्हणून मला त्यांच्याविषयी जरा जास्तच आदर. शाळेसाठी म्हणून मी बोलीत एक दुर्बीण घेतली होती. रात्री बारापर्यंत जागून, शेवटच्या मिनिटात दोनशे चढवून. पडद्यावर रंगीत कागद उडाले: 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात!' मी बायकोला उठवून सांगितलं. आठ दिवसांनी आली ती जत्रेतली, खेळण्यातली. चंद्र तिच्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो त्यापेक्षा लहान दिसायचा. आप्पांना हे सांगितलं तर त्यांना दुर्बिणीचं काहीच वाटलं नाही, एका शब्दावर अडले.

"जिंकलात म्हणाले?"

"हो."

"गुरुजी, ३६ वर्षं सौदा बघितला. ज्याची बोली सगळ्यात वर गेली त्याला कुणी जिंकला म्हणत न्हाई. त्याला म्हणतात, 'पडला'. माल ह्याच्या गळ्यात पडला. बाकीचे त्याच्याकडं जरा दयेनं बघतात."

मला वाटतं आप्पांची सगळी विद्या ह्या एका शब्दात आहे. स्वस्ताचा मोह आपल्याला ओळखता येतो, आजीनं तो शिकवलेला असतो. जिंकायचा मोह ओळखू येत नाही, कारण शाळेत आम्हीच त्याला बक्षीस देतो.

मी वाद घातला. म्हटलं, हैदराबादजवळ बाळापूरच्या गणपतीच्या लाडवाची हर्राशी होते. १९९४ साली तो लाडू ४५० रुपयांना गेला होता, २०२४ साली ३० लाखांवर गेला. तेही पडलेच का? आप्पांनी मान हलवली. "त्यानं लाडू घेतलाच न्हाई. मान घेतला, आणि मान समोर दिसूलालाय, मोजून घेता येतो. वर लाडू फुकट. फसवणूक कुठंय त्यात?"

असे हे आप्पा. आता ट्रॅक्टरचं सांगतो.

पुतण्याला ट्रॅक्टर हवा होता आणि नव्याला हात पोचत नव्हता. बँकेनं हप्ते थकले म्हणून ओढून आणलेला एक ट्रॅक्टर ऑनलाइन हर्राशीला निघाला. पुतण्या जाहिरातीचा फोटो घेऊन आला तेव्हा आप्पांनी तीन आठवड्यांची मोहीम आखली. जाहिरातीवरच्या नंबरला फोन करायचा नाही, हा पहिला हुकूम. पासबुकावर छापलेला शाखेचा नंबर लावायचा आणि विचारायचं, 'तुमचा असा ट्रॅक्टर आहे का?' होता. मग बयाणा कोणाच्या खात्यात जातो ते बघायचं: बँकेच्या किंवा लिलाव करणाऱ्या कंपनीच्या. माणसाच्या नावाचं खातं निघालं तर चप्पल घालायची. मग गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून मालक कोण, बोजा कोणाचा, विमा कधी संपला. गाडी एमएच २५, म्हणजे धाराशिवची. बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म बँक कधी देणार, हे आप्पांनी शाखेत जाऊन इतक्यांदा विचारलं की तिसऱ्या वेळेला साहेबांनी त्यांना बघून फॉर्मच पुढं केला.

जाहिरातीतली एक ओळ त्यांना फार आवडायची. 'जसे आहे, जिथे आहे, ह्या तत्त्वावर.' म्हणायचे, इतकं खरं बोलणारा अडत्या मी बघितला न्हाई. माल खराब आहे, हे आधीच छापून दिलंय. आता फसला तर तुझा तू.

पाहणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. यार्डात उन्हात शंभरेक गाड्या, काचांवर नंबर लिहिलेल्या, मालकांची स्टिकरं अजून तशीच. 'आईचा आशीर्वाद' लिहिलेल्या टमटमपाशी आप्पा जरा थांबले. "ह्याचंबी कुणाचं तरी घर चालूलालतं," एवढंच म्हणाले आणि पुढं गेले. ट्रॅक्टरपाशी मात्र मुनीम जागा झाला. चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतला, आरसीशी ताडला. तासांचं मीटर दाखवत होतं बाराशे. आप्पा वाकले आणि क्लचच्या पेडलवरच्या रबराला अंगठा लावला. रबर गुळगुळीत, तळहातासारखं. "मीटर फिरवता येतं. पायाखालचं रबर खोटं बोलत न्हाई. हा पाच हजार तास चालला." मग डिपस्टिक काढून तेल बोटांत चोळून, वास घेऊन बघितलं. तोंडात घातलं नाही, एवढंच.

वजावट करून आकडा काढला. आप्पांचा नियम असा: आकडा कागदावर लिहायचा, घडी घालायची आणि चिठ्ठी दुसऱ्याच्या खिशात ठेवायची. त्यात मागाहून बदल नाही. चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात आली. ४,१०,०००.

हर्राशी अकरा ते बारा. सरकारी बोली ३,२५,०००, बयाणा साडेबत्तीस हजार भरलेला, चढ पाच-पाच हजारांचा. पावणेबारापर्यंत दुसरं कुणी नाही. सगळं हॉटेल खांबामागं जमलं, चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या प्लेटा हातात तशाच. बारा वाजायला चार मिनिटं असताना कुठूनसा एक जण आला. तीन चाळीस. आप्पा तीन पंचेचाळीस. अखेरच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढते. असं करत साडेबारा झाले, चार लाख झाले. आप्पांनी चार पाच म्हटलं. समोरचा चार दहा. पुढं चार पंधरा म्हणायचं होतं आणि चिठ्ठी संपली होती.

आप्पांची मान वळली.

"गुरुजी, चिठ्ठी द्या जरा."

"कशाला?"

"आकडा विसरलो."

ज्या माणसाला १९८० च्या सुमारास कुणाची किती उधारी राहिली ते पाठ आहे, तो स्वतःच लिहिलेला आकडा विसरला. मी खिशावर हात ठेवला. पडद्यावर तीन मिनिटं उरली.

"चार दहा लिहिलंय," मी म्हटलं.

"चार नव्वद असंल. माझ्या अक्षरात एक आन् नऊ सारखेच दिसतात."

खरंच दिसतात. १ आणि ९, शेपटीचाच काय तो फरक. पुतण्या माझ्याकडं देवाकडं बघावं तसा बघायला लागला. हॉटेलवाला हळूच म्हणाला, द्या की गुरुजी, ट्रॅक्टर चांगलाय. आप्पांच्या कपाळावर घाम होता आणि अंगठा पडद्यापासून चार बोटांवर. ३६ वर्षं दुसऱ्यांच्या पैशानं सौदा केलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःच्या पैशाची बोली चढत होती. मी उठून रस्त्यावर गेलो. चिठ्ठीसकट.

परत आलो तेव्हा घड्याळ थांबलं होतं. ट्रॅक्टर चार दहाला दुसऱ्याच्या गळ्यात पडला होता. आप्पांनी वहीत किंमत लिहिली. शेरा मारायला पेन टेकवलं, उचललं, आणि तशीच वही मिटली. चहा सांगितला नाही.

पाचव्या दिवशी मोबाइल वाजला: खात्यात ३२,५०० रुपये जमा. पाठवणाऱ्याचं नाव कुठल्याशा कंपनीचं. आप्पा ताडकन उठले. ओळख ना पाळख, साडेबत्तीस हजार! आता फोन येणार, 'चुकून आले, परत पाठवा' म्हणून. हा डाव त्यांना ठाऊक होता. दोन दिवस ते त्या फोनची वाट बघत, काय बोलायचं ते घोकत बसले. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी ते पासबुक घेऊन शाखेत तक्रार द्यायला गेले, की माझ्या खात्यावर कुणीतरी पैसे टाकलेत. साहेब म्हणाले, "आप्पा, तुमचाच बयाणा आहे. बोली मिळाली नाही की परत येतो."

"लिहून द्या," आप्पा म्हणाले.

साहेबांनी लिहून दिलं, शिक्का मारून. तो कागद आता वहीत आहे.

पुतण्यानं पुढं गावातल्याच एकाचा ट्रॅक्टर घेतला, चार लाख साठला, आप्पांना न विचारता. आप्पांनी त्यावर काही शेरा दिला नाही. परवा मात्र हॉटेलात शिरलो तर खांबामागून आवाज आला.

"गुरुजी, तो शर्ट धुवायला टाकला न्हाई ना?"

"का?"

"उगं विचारलं. चिठ्ठी असंल तर बघू बरं, एक होता का नऊ."