गर्दी दाखवलेली नाही

"सगळं छान आहे. फक्त गर्दी दाखवलेली नाही."

कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयातून बाहेर पडताना आमच्या बी विंगच्या नानांनी हा अभिप्राय दिला आणि चष्मा पुसला. नानांनी चौतीस वर्षं भाईंदर ते चर्चगेट एका पायावर काढली आहेत. दुसरा पाय कुठे असायचा, हे त्यांनाही दादर येईपर्यंत कळत नसे. अशा माणसाचं रेल्वेबद्दलचं मत हसण्यावारी नेता येत नाही. त्यात परतीच्या बसमध्ये सगळ्यांचे अभिप्राय गोळा करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं काम सेक्रेटरींनी माझ्या गळ्यात घातलं होतं. का, तर मी 'पेपरात लिहितो'.

मुळात भाईंदरच्या जेसल पार्कची माणसं आगगाडी बघायला पुण्याला गेलीच कशाला, हा प्रश्न कुणीही विचारील. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की दर दोन-चार मिनिटांनी खरीखुरी गाडी खाडीच्या पुलावरून जाताना दिसते. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, आवाज तर घरात बसूनही ऐकू येतो. पण सहलीची जागा ठरवायला आमच्याकडे दरवर्षी तीन बैठका होतात. यंदा एकवीरा आणि वॉटर पार्क यांना सारखी मतं पडली. सारखी मतं पडली की आमच्या सोसायटीत कुणीच न मागितलेली तिसरी जागा मंजूर होते. ती नानांच्या सात वर्षांच्या नातवाने सुचवली होती.

मग रेल्वे बघायला रेल्वेनेच जाऊ, असं मी म्हणालो. वार्षिक सभेत कुणी हिशेब मागितला की लोक जसे बघतात, तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. "सुट्टीच्या दिवशी लोकलमध्ये कोण चढेल?" सोसायटीतल्या काकू म्हणाल्या. बस ठरली. घोडबंदर रोडवर ती इतका वेळ उभी राहिली की निम्म्या समोशांचा निकाल ठाण्याच्या अलीकडेच लागला.

जागा बघून मात्र मंडळी चपापली. भाऊसाहेब जोशी नावाच्या माणसाने छंद म्हणून आयुष्यभर जमवलेलं, घडवलेलं, जोडलेलं एक अख्खं शहर तिथे एका दालनात मांडलं आहे. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी खुलं झालं. रूळ, सिग्नल, बोगदे, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, आणि या सगळ्यातून आपापल्या वाटेने, एकमेकींना न धडकता पळणाऱ्या गाड्या. सगळं एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. साडेपाच फुटी माणूस या मापात दोन सेंटिमीटरही भरत नाही. नाना म्हणाले, सकाळी आठ बत्तीसला चढलं की आपणही तेवढेच होतो.

खेळ सुरू असताना दालनात अंधार करतात. शहरात संध्याकाळ होते, मग रात्र. घराघरांत, रस्त्यांवर, गाड्यांच्या खिडक्यांत बारीक बारीक दिवे लागतात. त्या क्षणी आमच्या सोसायटीतली सतरा माणसं एकाच वेळी गप्प झाली. मी या इमारतीत एकोणीस वर्षं राहतो. सतरा माणसं एकाच वेळी गप्प बसलेली मी याआधी पाहिली नव्हती, शोकसभेतही नाही. नातवाचं तोंड उघडं होतं. काकूंचा हात पर्समध्ये चिवड्याच्या पिशवीवर तसाच थांबला होता. मला वाटलं, चला, अभिप्राय वगैरे काही नको, हेच पुरे.

तेवढ्यात अंधारातून सेक्रेटरींचा आवाज आला, "लाइट कॉमन मीटरवर आहे का हो?"

तिथून अभिप्रायांना जो ब्लॉक लागला होता तो उठला.

सगळ्यात लांब अभिप्राय ए विंगमधल्या इंजिनिअर मुलाचा. तो या विषयात पडलेला आहे, म्हणजे व्हिडिओ बघून पडलेला आहे. त्याचं म्हणणं असं की, आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. तिला ८७ ने भागलं तर उत्तर १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं. पण एचओचा रूळ असतो साडेसोळा मिलिमीटरचा, जो युरोपच्या १४३५ च्या गेजशी जुळतो. तेव्हा या मापात आपली गाडी रुळावर उभी केली की रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद. "डोळ्याला खुपतं," तो म्हणाला. बसमधल्या उरलेल्या सोळा जणांपैकी एकाच्याही डोळ्याला ते खुपलं नव्हतं. पण त्याने सांगितल्यावर सगळ्यांना खुपायला लागलं. सोसायटीतले शेठ तर म्हणाले, "मला पहिल्यापासूनच गाडी जरा दबून चालल्यासारखी वाटत होती."

या जातीच्या प्रेक्षकाला इंग्रज लोक 'रिव्हेट मोजणारा' म्हणतात. इंजिन कितीही देखणं असो, हा जवळ जाऊन त्याच्या पत्र्यावरचे रिव्हेट मोजणार आणि दोन कमी निघाले की सुखाने घरी जाणार. आपल्याकडे तो नवा नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यातली कोथिंबीर मोजणारा तो हाच. इंग्लंडात या छंदाची प्रदर्शनं गावोगाव भरतात; बर्मिंगहॅमच्या एनईसीत तर नोव्हेंबरअखेरीस त्याची अनेक वर्षं मोठी जत्राच भरत असे. तिथल्या प्रेक्षकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं ठरलेल्या. एक, लोक पाठीवर मोठ्या पिशव्या घेऊन येतात, वळले की मागच्याला धक्का. दोन, चहा-सँडविच महाग. तीन, गाडी मध्येच उभी राहते आणि चालवणारे आपसात गप्पा मारत बसतात.

मी हे बसमध्ये वाचून दाखवलं. पिशवीची तक्रार आमच्या लोकांना समजलीच नाही. कारण कोथरूडला दालनात शिरता शिरता आमच्या सतराच्या सतरा जणांनी, कुणी न सांगता, पाठीवरच्या बॅगा पुढे छातीवर घेतल्या होत्या. एवढी वर्षं लोकलने केलेल्या संस्कारांतला हा एकच चारचौघांत दाखवण्याजोगा. तिसऱ्या तक्रारीवर नाना म्हणाले, "गाडी मध्येच उभी राहते याला ते प्रदर्शन म्हणतात? मी पासात बघायचो."

तळमजल्यावरच्या इस्टेट एजंटांनी गाड्या बघितल्याच नाहीत. त्यांचं लक्ष घरांवर होतं. स्टेशनपासून चालत दोन मिनिटांवर, समोर तलाव, मागे डोंगर, आणि घरं दोन मजली! "एवढा एफएसआय वाया घालवलाय," ते कळवळून म्हणाले. सर्कशीच्या तंबूच्या जागी त्यांनी मनातल्या मनात पोडियम पार्किंगसह दोन टॉवर उभे केले आणि तलावाला 'लेक व्ह्यू'चा दर लावला. मीरा-भाईंदर ज्या नजरेने उभं राहिलं, ती नजर खेळण्यातल्या शहरातही थकत नाही. मिठागरं बघून ज्यांना इमारती दिसल्या, त्यांना प्लास्टिकची हिरवळ बघून काय दिसणार?

शेठचा अभिप्राय एका ओळीचा होता: "एवढ्या गाड्या पळतात आणि भाडं एकाही पॅसेंजरकडून नाही." त्यांच्या मुलाने मात्र पूर्ण खेळ मोबाइलवर टिपला. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाला, "अजून बघितलं नाही. घरी जाऊन बघतो."

काकूंचा मुख्य आक्षेप महिला डब्याबद्दल होता. डबा फलाटावर नेमका कुठे येणार त्याचा पत्ता नाही, डब्यात भाजी निवडणारी एकही बाई नाही, चौथ्या सीटसाठी एकही भांडण नाही. "बायकांचा अभ्यास न करता केलंय." पण जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली होती, जी कुणी लक्षात घेतली नाही: "यावरची धूळ कोण पुसतं हो?"

इंजिनिअर यावर हसला. त्याने हसायला नको होतं. अशा गाड्यांना वीज साधारणपणे रुळांतूनच मिळते. खऱ्या लोकलच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तार, इथे रुळांत जेमतेम बारा व्होल्ट, आणि ते चाकांतून मोटारीत. रुळावर धुळीचा किंवा तेलाचा पातळसा थर बसला की वीज तुटते आणि इंजिन जागीच उचक्या देतं. म्हणून ही हौस ज्याला आहे तो गाड्या चालवतो थोड्या आणि रूळ पुसतो फार. म्हणजे पूर्ण सहलीतला एकमेव जाणकार प्रश्न, घरातल्या पंख्याची पाती दर पंधरवड्याला पुसणाऱ्या बाईने विचारला होता.

इंजिनिअरने मग विषय जर्मनीला नेला. हॅम्बुर्गला ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ मध्ये 'मिनिएचर वुंडरलँड' उघडलं, ते आज जगातलं सगळ्यात मोठं, तिथे रुळांची लांबीच कित्येक किलोमीटर, विमानतळसुद्धा आहे, विमानं उडतात, आणि दर पंधरा मिनिटांनी रात्र होते. "दर पंधरा मिनिटांनी?" काकू म्हणाल्या. "मग त्या बायका स्वयंपाक कधी करतात?" हॅम्बुर्गचा विषय तिथेच संपला.

खरं सांगायचं तर मला यातला एकही अभिप्राय खोटा वाटला नाही. माणूस प्रदर्शनात जातो तेव्हा आपलं घर, आपली नोकरी, आपली पाठदुखी सगळं तिकिटावर फुकट आत नेतो. फक्त ज्याने एवढं बारीक काम केलं, त्याच्या बाजूने एक शब्द कुणीतरी टाकायला हवा होता. तो मीही टाकला नाही. मी विचारलं होतं की चहा कुठे मिळेल.

ठाण्याजवळ नानांचा मुद्दा पुन्हा वर आला आणि इंजिनिअरने तो कागदावर घेतला. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेने त्यासाठी 'सुपर डेन्स क्रश लोड' असा भारदस्त शब्दही ठेवला आहे. सत्त्याऐंशीव्या मापात तो चौरस मीटर बोटाच्या नखाएवढा होतो. त्या नखावर सोळा माणसं उभी करायची. "नाही जमणार," तो म्हणाला. "प्लास्टिकची माणसं मोडतील."

नानांनी समाधानाने मान हलवली. मग त्यांनी स्वतःचा हिशेब मांडला. चर्चगेट ते भाईंदर ४३ किलोमीटरच्या आसपास. या मापात तो अर्धा किलोमीटर. म्हणजे स्टेशनपासून आपल्या गेटच्या अलीकडेपर्यंत. बारा डब्यांची गाडी तीन मीटरची, ती मात्र सोसायटीच्या हॉलमध्ये मावेल. "आणि गाडी गोल फिरणार," नाना म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "विचार करा. गोल. विरारपर्यंत उलटं जाऊन रिटर्न मारायची भानगडच नाही. एकदा खिडकी मिळाली की मिळाली." बसमध्ये पुन्हा शांतता पसरली. मघाच्या अंधारातल्या शांततेपेक्षा ही जरा जास्तच खोल होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जेसल पार्क चौपाटीवर गेलो. चौपाटी म्हणजे खाडीचा काठ. वाळू नाही, पण नाव चौपाटी. गणपती इथेच जातात, छठपूजा इथेच होते, आणि उरलेलं वर्षभर आमची पिढी इथे गुडघ्यांबद्दल बोलत चालते. नाना कठड्यापाशी नातवाला पुलाची माहिती देत होते. ते पलीकडे नायगाव. मधे दिसतं ते पाणजू बेट. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, दिवसाला एकच, तेव्हा तिच्या थांब्यांत पाणजू होतं म्हणतात आणि भाईंदर नव्हतं. आता पाणजूला गाडी थांबत नाही. गाडीतून फक्त निर्माल्याच्या पिशव्या उतरतात.

नातवाचं या कशात लक्ष नव्हतं. तो पुलाकडे बघत होता.

"आजोबा, बोगदा कुठाय?"

"इथे बोगदा नाही."

"मग गाडी फिरून परत कशी येते?"

"येते. तासाभराने."

एवढ्यात विरार फास्ट पुलावर चढली. संध्याकाळची वेळ, दारं माणसांनी बाहेरपर्यंत फुगलेली, कुणाचा खांदा, कुणाची बॅग, कुणाचा नुसताच हात खाडीवर तरंगत चाललेला. पोरगं कठड्याला नाक लावून बघत राहिलं. शेवटचा डबा पाणजूपलीकडे गेल्यावर त्याने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर कालच्या दालनातलंच आश्चर्य होतं, पण आता त्यात थोडा संशय मिसळला होता.

"आजोबा, इथे माणसं फारच लावलीत. एवढी चिकटवली कशी?"

नानांनी घड्याळ बघितलं, मग पुलाकडे बघितलं. चौतीस वर्षांच्या अनुभवाने, अगदी गंभीरपणे ते म्हणाले, "चिकटवत नाहीत रे. दादरला आपोआप बसतात."