मुकुट सिंगापूरचा, हात नाशिकचा

बुद्धिबळाचा जगज्जेता सामन्यातून ठरावा की स्पर्धेतून? मिसळीच्या टेबलावर तिसऱ्यांदा रस्सा मागवून झाला, तरी निकाल लागेना. ‘जुन्या राजाला पाडल्याशिवाय नवा राजा कसला?’ पावाच्या तुकड्याने वजीर सरकवत एक काका गरजले. म्हणूनच २००७ साली मेक्सिको सिटीत स्पर्धा जिंकलेल्या आनंदला २००८ साली बॉनमध्ये जुन्या राजाला, क्रामनिकला हरवून तेच पुन्हा सिद्ध करावं लागलं. २०२४ साली टोरांटोत, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, आमच्या नाशिकच्या विदित गुजराथीने नाकामुराला दोनदा लोळवलं. नाकामुरा अर्ध्या गुणाने मागे राहिला आणि गुकेश ती स्पर्धा जिंकून सिंगापूरच्या सामन्यात जगज्जेता झाला. तेव्हा मुकुट खुशाल सामन्यातच द्या. त्यासाठी कोण लढणार, तेवढं स्पर्धेत नाशिककर बघून घेतील!