बिस्किटाच्या डब्यातली कलेक्टरकी

अमरावतीत 'कलेक्टर' या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो कॅम्पातल्या बंगल्यात राहतो. त्यामुळे परवा एका लग्नात मेहुण्याने "आमचे भाऊजी कॉइन कलेक्टर आहेत" अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा बँडच्या आवाजात 'कॉइन' वाहून गेलं आणि उरलेलं तेवढं वरपक्षाच्या एका काकांच्या कानात शिरलं. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली, आणखी दोन जिलब्या वाढायला लावल्या आणि मग शेताच्या तीन वर्षं अडकलेल्या फेरफाराची हकीकत काढली. जिलबी संपेपर्यंत मी मान डोलावली. पण त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचं भेंडोळं काढलं तेव्हा खरं सांगणं भाग पडलं.

"म्हंजे तुमी पैशे जमवता," काका म्हणाले. "ते तर आमीबी जमवतो भाऊ. जमत नाहीत हे येगळं."

गंमत म्हणजे सरकारदरबारी जुन्या नाण्यांचा खरा कलेक्टरही तोच, कॅम्पातला. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, की त्याची खबर कलेक्टरला द्यायची. वऱ्हाडात हंडा सापडल्याची गोष्ट दर गावात आहे. हंडा सापडलेला माणूस मात्र कोणत्याच गावात नाही. तो नेहमी शेजारच्या गावचा असतो, आणि त्याने त्या पैशांतून अकोल्याला माडी बांधलेली असते.

माझा संग्रह कोणत्याही हंड्यातला नाही. तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे आणि डबा आजीचा आहे. राणीछाप कलदार सहा, पंचम जॉर्जचे दोन, मूठभर भोकाचे पैसे, काळवंडलेली एक शिवराई, आणि काही अशाच चकत्या, ज्यांना कशातच बसवता येत नाही म्हणून त्या तळाशी. त्यात माझी भर म्हणजे कमळाचे पितळी वीस पैसे आणि २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं. पुतण्याच्या मोबाइलवर त्या नाण्याला लाखांचा भाव आहे. प्रत्यक्षात त्याचे पाच रुपये देणारा भेटतो, तोही उलटसुलट करून बघतो. दर दिवाळीला तांब्याच्या भांड्यांबरोबर आमचा डबाही चिंच आणि राखेने घासला जायचा. मग मी नाणी चकाकीप्रमाणे लावायचो, सगळ्यात झगझगीत पुढे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. एवढ्या भांडवलावर वीस वर्षं माझं बरं चाललं होतं.

मग कोणीतरी अकोल्याच्या एका निवृत्त इतिहासशिक्षकांचा पत्ता दिला. मोर्णेच्या पलीकडे, जुन्या शहरात. सरांच्या घरी गेलो तर नाणी दिसेचनात. भिंतभर पुस्तकं, एक भिंग, सोनाराचा लहान काटा, आणि चपलांच्या खोक्यात शेकडो कागदी पाकिटं. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने बारीक लिहिलेलं. आतली नाणी बघितली तर मळकट, कडा तुटलेली, गुळाच्या खड्यासारखी ओबडधोबड. माझ्या डब्यात त्यांना मी तळाशीसुद्धा जागा दिली नसती. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकूंनी माझा चेहरा वाचला असावा. "चाळीस वर्सं झाले," त्या म्हणाल्या, "एक पुतळी नाई आणली यायनं. सारे मातीचे गोये."

मी डबा उघडला. सरांनी चकाकणारी पहिली रांग नुसती बोटाने बाजूला सारली. आजवर डबा पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला होता, "कितीची असतील?" सरांनी विचारलं, "कुठली?"

"डब्यातली," मी म्हणालो.

"डब्यात कुठून आली?"

"आजीची आहेत."

"आजी कुठली?"

नाण्यांच्या परीक्षेत आजीचं माहेर विचारतील अशी माझी तयारी नव्हती. "मंगरूळपीरकडची," मी म्हणालो, आणि सर खुर्चीत सरळ झाले. त्यांनी डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि तळातल्या त्या बेवारशी चकत्यांतली एक उचलली. करड्या काळ्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी. माझ्या मते ते जुनं बटण होतं.

मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. आता वाशीम जिल्ह्यात, तेव्हा अकोल्यात. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, दीड हजारांहून अधिक. चांदी नाही, सोनं नाही. तांबं, कथील आणि शिसं यांची भेसळ, नाणकशास्त्रात जिला पोटीन म्हणतात. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं, म्हणजे उज्जैन चिन्ह. ही नाणी वाचली महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी. ते पुढे काही काळ आमच्या अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते, तेव्हा त्यांच्यावर माझा थोडा गावकीचा हक्क आहे असं मी समजतो.

पण 'वाचली' हा शब्द मी जितक्या सहज लिहिला तितकं ते सहज नव्हतं. सरांनी एका पाकिटातलं तसलंच नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि भिंग दिलं. हत्तीचे मागचे पाय दिसले. सोंड चकतीच्या बाहेर गेलेली. पाठीवर ब्राह्मीतली दोन अक्षरं आणि लगेच कडा. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे राजाचं अख्खं नाव एका नाण्यावर मावतच नाही. कुठे नुसतं 'सिरि' येतं, कुठे शेवटचा 'स'. एकावर नावाची सुरुवात, दुसऱ्यावर मधलं, तिसऱ्यावर शेपूट. भाऊबंदकीच्या खटल्यातल्या साक्षीदारांसारखं प्रत्येक नाणं अर्धवट बोलतं, आणि सगळ्यांना एका ओळीत बसवलं की कुठे एक राजा उभा राहतो. तऱ्हाळ्याच्या नाण्यांतून असे कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी उभे राहिले. पुराणांतल्या वंशावळीत ही नावंच नाहीत.

"आता समजा," सर म्हणाले, "तो साठा तुमच्या हाती आला असता. काय केलं असतं?"

मी खरं तेच सांगितलं. चांगली दहा ठेवली असती.

"आणि बाकीची?"

बाकीची मित्रांना वाटली असती. सर काही बोलले नाहीत. त्यांनी शांतपणे बशीतला चहा प्यायला, आणि कर्ण सातकर्णी नावाचा एक राजा, ज्याला गादीवरून खाली खेचायला शत्रूला सैन्य लागलं असतं, तो माझ्या उदारपणापायी कसा गेला असता ते मला दिसलं.

मग त्यांनी माझ्या बटणाकडे भिंग नेलं. बराच वेळ पाहिलं. वजन केलं, पाकिटावर लिहिलं. हत्तीचे पाय होते, ओळखू येत होते. पाठीवर, जिथे अक्षरं असायला हवीत, तिथे गुळगुळीत चकाकी होती. "हे कशाने घासता?" त्यांनी विचारलं. मी चिंच म्हणालो. राखेचं नाव काढायचा धीर झाला नाही.

त्यानंतर माझी अवस्था तोंडी परीक्षेतल्या पोरासारखी झाली. पंचम जॉर्जचे रुपये निघाले तेव्हा मला जरा अवसान आलं, कारण १९११ च्या रुपयाची गोष्ट मला पाठ होती. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुक्कर वाटला, गहजब झाला, आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड दुरुस्त करून रुपये निघाले. मी ती रंगवून सांगितली. सरांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "तुमच्या रुपयाचं वजन किती भरलं?" नवा असताना ११.६६ ग्रॅम. आता किती झिजलाय त्यावरून तो लोकांच्या हातून किती फिरला याचा अंदाज येतो. माझा जवळजवळ पूर्ण भरला. म्हणजे आजीने, किंवा तिच्या सासूने, तो फारसा बाजारात नेलाच नव्हता. कापसाच्या पट्टीचा आला असेल तसा सरळ डब्यात.

राणीछापांतले चार रुपये १८६२ चे होते. तुमच्याही घरी असतील. वऱ्हाडात ज्याच्या घरी रुपया निघतो तो १८६२ चाच निघतो, आणि घरातले लोक त्याच्या वयाचं कौतुक करतात. खरं म्हणजे टांकसाळीने १८६२ हेच साल कायम ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले. मुंबईच्या रुपयांत सालाच्या आसपास सुईच्या टोकाएवढी टिंबं असतात. कोणता रुपया नक्की कधीचा हे जाणकार त्या टिंबांवरून ठरवतात. सर टिंबं मोजत बसले. मी वीस वर्षं ती टिंबं म्हणजे माशीची घाण समजत होतो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. सरांनी त्यांच्या वहीत गावोगावच्या आजीबाईंचे डबे टिपून ठेवले होते. नावं नाहीत, फक्त गाव आणि डब्यात काय निघालं ते. पैनगंगेच्या अलीकडच्या गावांत राणीछाप आणि जॉर्जछाप कलदार. नदी ओलांडून निजामाच्या मुलखात गेलं की चारमिनारची छाप असलेले हाली सिक्के. वऱ्हाड निजामाचं, पण कारभार इंग्रजांचा. १९३६ साली निजामाच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' किताबसुद्धा मिळाला, पण बेरारमधल्या म्हातारीच्या गाठोड्यात त्याच्या बापाचा रुपया नव्हता. हे कोणत्याही नकाशात आखलेलं नाही, डब्यांनी आखलेलं आहे. आणि हे कळायला एकही दुर्मिळ नाणं लागत नाही. लागतात अगदी साधी, कोणाला नको असलेली नाणी, फक्त ती कुठून आली हे ठाऊक हवं.

नाशिकजवळच्या जोगलटेंभीची गोष्ट निघाली तेव्हा मी परत तोंडघशी पडलो. १९०६ साली तिथे नहपान क्षत्रपाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने त्याच्या चेहऱ्यावरूनच आपला ठसा मारलेला. "म्हणजे चांगली चारेक हजारच उरली," मी हळहळलो. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कोणी कोणाला हरवलं याचा पुरावा मी खराब माल म्हणून बाजूला काढला होता.

तरीही मला वाटतं, आम्हा डबेवाल्यांची बाजू अगदीच पडकी नाही. चिंचेने घासत का होईना, आजीने तो डबा तीन घरं बदलताना सांभाळला. अडीअडचणीला सराफ्यात नेऊन वितळवला नाही. अभ्यासकांना हळहळायला तरी काही उरावं, याची सोय आमच्यासारख्यांनीच केली. आणि सरांकडे चाळीस वर्षांत पुतळी आली नाही हे काकूंचं म्हणणंही वहीत कुठेतरी टिपायला हवं होतं.

परतीच्या एसटीने मूर्तिजापूरला थांबा घेतला. चहा घेतला आणि दहाचं नाणं पुढे केलं.

"दहाचं कॉइन नका देऊ भाऊ."

"का? खरं आहे की."

त्याने नाणं घेतलं, उजेडात धरलं, अंगठ्याने कडा पुसली आणि रेघा मोजल्या. खरंच मोजल्या. "दहा रेघा हायेत. रुपयाचं चिन्हबी हाय. खरंच हाय." रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये चौदाही प्रकारची दहाची नाणी चालतात म्हणून पत्रक काढलं होतं, ते चौदा प्रकार वेगवेगळे ओळखणारा माणूस मला अखेर मूर्तिजापूरच्या स्टँडवर भेटला होता.

"मग घ्या ना."

"मी घेईन हो. मायाकडून कोन घेईन?"

मी नाणं परत घेतलं आणि पहिल्यांदाच सालाच्या खाली पाहिलं. एक बारीक चांदणी. चौकट असती तर मुंबई, टिंब असतं तर नोएडा, काहीच नसतं तर कोलकाता. चांदणी म्हणजे हैदराबाद. पैनगंगा ओलांडून आलेलं नाणं वऱ्हाडात पुन्हा अडलं होतं. मी खिशातून तिकीट काढलं, त्यात नाणं गुंडाळलं आणि वर लिहिलं : मूर्तिजापूर स्टँड, हैदराबाद टांकसाळ, चहावाल्याने खरं ठरवून नाकारलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी विसाची नोट दिली. सुटे नव्हते, म्हणून त्याने दहाचा बिस्किटाचा पुडा हातावर ठेवला.