मी फक्त बॉर्डर बघतो

भालकी असो, औराद असो, बसवकल्याण असो की तिकडं आळंद. अडत लाइनीत एक माणूस असा असतोच, ज्याला साठी उलटलेले सावकारसुद्धा 'सर' म्हणतात. त्यानं कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं. कधीकाळी रोज एसटीनं उदगीरला जाऊन त्यानं एमएससीआयटी केलेली असते, परत येऊन बसस्टँडमागं दोन खोल्यांत टायपिंगचा आणि टॅलीचा क्लास काढलेला असतो, आणि हातोहाती मोबाइल आल्यावर तो क्लास बसलेला असतो. क्लास बसला, सर मात्र अजून उभे आहेत. हे अगदी शब्दशः घ्यायचं. कुणाच्याही पेढीवर गेले तरी सर खुर्चीवर बसत नाहीत. उभ्यानंच माउस धरतात, कारण बसलं की चहा येतो, चहा आला की सावकाराचा भाचा आपला मोबाइल पुढं करतो.

सर प्रिंटर बघतात, जीएसटीचं रिटर्न भरतात, पंचायतीच्या ऑपरेटरला पासवर्ड आठवून देतात. पण त्यांचं खरं क्षेत्र एक्सेल, आणि त्यातही एक्सेल 'दिसत नाही' हा आजार. हा आजार आमच्याकडं दुसऱ्या स्क्रीनबरोबर आला.

झालं असं की एक सावकार सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये कॉम्प्युटर घ्यायला गेले. तिथल्या काउंटरवर त्यांनी दोन स्क्रीन पाहिल्या. एकीचं तोंड दुकानदाराकडं, दुसरीचं गिऱ्हाइकाकडं. सावकारांना ते भलतंच आवडलं. गावी आल्या आल्या त्यांनी गादीवर लॅपटॉप ठेवला आणि बाकाकडं तोंड करून एक मॉनिटर टांगला. शेतकऱ्यानं बाकावर बसल्या बसल्या आपली पट्टी बघायची: पोती किती, वजन किती, भाव काय, हमाली किती गेली, हातात काय येणार. सगळा व्यवहार उघडा. हंगाम संपायच्या आत लाइनीतल्या एकूण एक अडतीवर दुसरी स्क्रीन लागली. ज्याच्याकडं नाही, त्याच्या मापात काहीतरी आहे असं लोक म्हणू लागले.

आणि मग फोन सुरू झाले.

"सर, एक्सेल पळालंय."

"कुठं पळालं?"

"दिसनाच की. खाली पट्टीवर हिरवं चिन्ह हाय, त्यावर दाबलं की नुसतं लुकलुकतंय."

"लाइट आहे का?"

"हाय."

"मग तेही हाय तिथंच कुठंतरी. येतो."

सर येतात, चपला बाहेर काढतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "कुणी हात लावला होता?" यावर पेढीतले सगळे, म्हणजे सावकार, मुनीम, सावकारांचा बारका पोरगा आणि ज्यानं आयुष्यात कीबोर्डला बोट लावलेलं नाही तो हमालसुद्धा, एकमुखानं सांगतात, "कुणीच नाही." सर मान डोलावतात. बाकाकडच्या स्क्रीनची वायर टेबलफॅन लावायला कुणीतरी काढलीय, हे त्यांना दारातूनच दिसलेलं असतं. लॅपटॉपला वाटतंय ती स्क्रीन अजून आहे, म्हणून खिडकी तिकडं अंधारात उघडी आहे. पण सर हे बोलत नाहीत. ते म्हणतात, "अपडेट आलं असंल." पेढीचा जीव भांड्यात पडतो. हा माणूस एवढा का चालतो, याचं उत्तर या तीन शब्दांत आहे. चूक शोधणारे चिक्कार असतात. चूक गावाबाहेर नेऊन सोडणारा लाइनीत एकच.

मग उपचार. डाव्या हातानं रुमाल काढून ते कीबोर्डवर असा धरतात की बोटं कुणाला दिसू नयेत. रुमालाखाली ऑल्ट आणि स्पेसबार, मग एम, मग बाणाची एक कळ. उजव्या हातानं माउस जरा हलवला की हरवलेली खिडकी माउसला चिकटून कडेनं आत सरकते. दोन्ही स्क्रीन चालू असतील तर याहून सोपं आहे, विंडोजची कळ, शिफ्ट आणि बाण, की खिडकी इकडची तिकडं. हे सगळ्यांना सांगितलं तर सरांची दिवाळी कशी व्हायची? म्हणून रुमाल.

सगळेच आजार एवढे सोपे नसतात. एका मुनिमांना बाकाकडच्या स्क्रीनवर आकडे पुसट दिसू लागले. ते उदगीरला जाऊन डोळे तपासून आले, नवा चष्मा केला, तरी आकडे पुसटच. लॅपटॉपवर मजकूर सव्वाशे टक्के मोठा करून ठेवलेला, जुन्या मॉनिटरवर शंभर टक्के, आणि एक्सेल बिचारं या दोन मापांत अडकलेलं. सरांनी ऑप्शन्समध्ये जाऊन 'एकापेक्षा जास्त डिस्प्ले' लिहिलेल्या ओळीखाली 'कम्पॅटिबिलिटी' निवडलं, एक्सेल बंद करून उघडलं, आकडे लखलखीत. मुनिमांना आता एक्सेल स्वच्छ दिसतं. नव्या चष्म्यातून बाकीचं जग जरा पुसट दिसतं, पण त्याला सरांचा इलाज नाही.

दुसऱ्या एका पेढीवर शीट सरकवलं की निम्मे रकाने काळे पडायचे. वरचे आकडे गेले तरी खाली त्यांचं भूत उरायचं. मुनीम मॉनिटरला थापट्या मारायचे, आणि दर दहा थापट्यांमागं एकदा चित्र खरंच सुधारायचं, त्यामुळं त्यांची श्रद्धा बळकट होती. सरांनी फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, डिस्प्ले असं पायरी पायरीनं उतरत जाऊन हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सलरेशन बंद केलं. चित्र काढायचं काम ग्राफिक्सच्या चिपकडून काढून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. थापट्या मात्र चालू आहेत. मुनीम म्हणतात, सरांनी केलं ते ठीकच, पण मुळातला गुण थापटीचा.

कलबुर्गीच्या नेहरू गंजातूनही सरांना बोलावणं येतं. तुरीचं कोठारच ते. तिथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि डाळमिलवाल्यांच्या शीटमध्ये रकाने वाढले. २०१७ च्या ऑक्टोबरात बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून सर तिकडंही जाऊन येतात. मिलवर मॅनेजर "बर्री सर, कुंद्री" म्हणतो, सर "बरतीनी" म्हणत उभेच. तिथला आजार वेगळा. हिशेबनीस कन्नड नावं 'नुडी'च्या जुन्या फाँटात टाइप करतो. आमच्याकडून गेलेल्या यादीत मराठी नावं श्रीलिपीत. ज्या मशिनीत तो फाँट नाही तिथं दोन्हीकडची माणसं उलट्यासुलट्या इंग्रजी अक्षरांची होऊन बसतात. कर्नाटकातलं कोण, महाराष्ट्रातलं कोण, काही कळत नाही. सरांना या अवस्थेचं फार कौतुक आहे. ते दोन मिनिटं नुसते बघत राहतात, मग फाँट टाकतात.

घरी मराठी, कचेरीत कन्नड, वायरमनशी "हौ मियां, नक्को खींचो", हैदराबादच्या होलसेलवाल्याशी अर्धी तेलुगू. कॉम्प्युटरशी मात्र ते फक्त मराठीत बोलतात. "ये बाबा, ये, इकडं ये," असं त्यांना खिडकीला म्हणताना मी ऐकलंय.

सरांना एकदाच कुणीतरी मुळाशी जाऊन प्रश्न विचारला. विचारणारे जुन्या वळणाचे सावकार होते. त्यांची तक्रार अशी की पूर्वी सगळ्या फाइली एका चौकटीत राहायच्या, ती चौकट ओढून दोन्ही स्क्रीनवर पसरली की काम भागायचं. आता जी ती फाइल आपली खिडकी घेऊन वेगळी उघडते आणि वाटेल त्या स्क्रीनवर जाऊन बसते. सर म्हणाले, "२०१३ च्या एक्सेलपासून तसंच हाय ते. आपल्या जिल्ह्याचं झालं तसं समजा. निजामाच्या वक्ताला एकच बिदर जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ ला उदगीर, अहमदपूर, निलंगा एका स्क्रीनवर, जहीराबाद, नारायणखेड दुसरीवर, आणि आपण हितं."

सावकार जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "परत एकत्र करता येतंय का?"

"फाइलींचं म्हणताव का?" सरांनी विचारलं. "अरेंज ऑल करून देतो. बाकीचं माझ्याकडं नाही."

एवढ्या पेढ्यांची एवढी शीटं डोळ्यांखालून गेली, म्हणजे सरांना लाइनीतल्या सगळ्या भानगडी पाठ असणार, असा लोकांचा समज आहे. कुणाचं खरं पुस्तक कुठलं, दाखवायचं कुठलं, कुणी कुणाला किती उचल दिली आणि ती कुठल्या रकान्यात लपवली. टपरीवर लोक त्यांना खोदून विचारतात. सरांचं उत्तर ठरलेलं: "मी फक्त बॉर्डर बघतो, आकडे बघत नाही." आणि हे सिद्ध करायला ते काम सुरू करण्याआधी कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवतात आणि झूम दहा टक्क्यांवर आणतात. अख्खं शीट बोटभर होतं, कोट्यवधीच्या उलाढालीची बारीक रवाळ राख होते. सावकार निवांत होतात. एवढी अदब डॉक्टरकडंही नसते.

ही अदब एका जानेवारीत अंगाशी आली. तूर जोरात होती, बाकावर जागा नव्हती. एका पेढीवरून फोन आला तो कुजबुजत. "सर, लवकर या. त्यांना समदं दिसायलंय." बारक्या पोरानं विंडोजची कळ आणि पी दाबून बसवलं होतं, 'एक्स्टेंड'चं 'डुप्लिकेट' झालेलं, आणि गादीवरच्या लॅपटॉपमध्ये जे होतं ते जसंच्या तसं बाकाकडच्या मॉनिटरवर. मॉनिटर बंद करावा तर सात-आठ शेतकरी बघतायत, बंद केला तर आणखी बोभाटा. सावकार शीट बाजूला सरकवायला म्हणून माउस हलवत होते, त्यानं उलट पुढचे रकाने दिसत होते.

सर पोचले तेव्हा कमलनगरकडचे एक मामा चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. "सावकार," ते अगदी मायेनं म्हणाले, "हे 'ओळखीचा भाव' आणि 'साधा भाव' असं दोन लिहिलंय. आमचा सोयरा तुमच्याकडं बारा वर्षं तूर घालायलाय. आम्ही कुठल्यात बसताव?"

सरांनी कुणाकडं बघितलं नाही. सवयीनं पहिल्यांदा झूम दहा टक्क्यांवर नेला. आकडे विरघळले. पण एक्सेलची एक खोड आहे. एखाद्या पट्ट्याला नाव देऊन ठेवलं असेल आणि झूम चाळीस टक्क्यांच्या खाली गेला, तर ते नाव शीटवर ठळक निळ्या अक्षरांत उमटतं. पट्ट्याला नाव द्यावं, म्हणजे सूत्र लिहायला सोपं जातं, हे मुनिमांना सरांनीच क्लासात शिकवलं होतं. मुनिमांनी ते मनावर घेतलं होतं. दोन्ही स्क्रीनवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, इंग्रजी अक्षरांत झळकलं: 'मेहुणा_बुडीत'.

मेहुणे गादीवरच बसले होते. पान लावत होते.

"अपडेट आलं असंल," सर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

त्या दिवशी बाकावरच्या सगळ्यांना ओळखीचा भाव मिळाला. मेहुण्यांचं आणि सावकारांचं काय झालं ते सरांनी सांगितलं नाही, आणि टपरीवर कितीही चहा पाजला तरी सांगणार नाहीत. लाइनीतल्या बऱ्याच पेढ्यांनी बाकाकडच्या स्क्रीनवर टॉवेल टाकलेत. शेतकरी मात्र आता टेम्पोतून उतरल्यावर आधी पेढीवर जात नाहीत, टपरीवर येऊन सरांना गाठतात.

"सर, आज कुणाची स्क्रीन बिघडलीय?"

"सध्या तर समद्यांच्याच नीट हाईत."

"अस्सं." मामा ड्रायव्हरकडं वळतात. "मग तसाच घे रे उदगीरला."