फुटक्या स्क्रीनचा डॅमेज सर्व्हे : न्हावा शेवा पद्धती

लॅपटॉपची स्क्रीन घरात बिघडली असता दोन स्वतंत्र कार्ये उद्भवतात, एक म्हणजे बिघाडाचे निदान व दुरुस्ती आणि दुसरे म्हणजे जबाबदारीची निश्चिती; पहिल्यास एखादी दुपार आणि एक बारीक स्क्रूड्रायव्हर पुरतो, दुसऱ्यास आठवडाही अपुरा पडतो, आणि तरीही या विषयावरील बहुतेक मार्गदर्शक लेखन पहिल्यातच गुंतून पडलेले आहे. ही उणीव भरून काढण्यास उरण तालुक्याइतका अनुकूल प्रदेश शोधून सापडणार नाही, कारण २६ मे १९८९ रोजी न्हावा आणि शेवा या गावांच्या किनाऱ्यावर जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून जासई, करळ, नवघर, द्रोणागिरी या पट्ट्यात असे घर विरळाच, ज्यातले कोणी ना कोणी टर्मिनलवर, ट्रेलरवर, क्लिअरिंग एजंटाकडे किंवा सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर उघडून माल उतरवण्याच्या यार्डात, कामाला नाही. परिणामी मोडलेल्या मालाकडे कसे पाहावे, त्यावर कोणता शेरा लिहावा आणि तो कोणाच्या माथी मारावा, हे ज्ञान येथील मुलांना पाढ्यांच्या आधी प्राप्त होते.

प्रथम सर्व्हे. टर्मिनलच्या गेटमधून कंटेनर आत किंवा बाहेर जाताना त्याची अवस्था नोंदवणारा एक कागद बनतो, त्यास ईआयआर म्हणतात. डाव्या बाजूस पोचा, दाराचा रबर फाटलेला, छतास भोक, असे जे काही दिसेल ते त्यावर चढते, आणि जो पोचा घेताना नोंदला गेला नाही पण देताना दिसला, तो मधल्या काळात कंटेनर बाळगणाऱ्याच्या नावावर पडतो. लॅपटॉप थोरल्या मुलीकडून धाकट्या मुलाकडे जाताना असा कागद कोणत्याही घरात बनत नाही आणि सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे. आजीच्या ‘कोनी फोरला?’ या प्रश्नावर जी उत्तरे येतात त्यांचे अभ्यासकांनी दोन वर्ग पाडावेत. ‘उघडला तेव्हा असाच होता’ हे उत्तर बिल ऑफ लेडिंगवरील, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवरील, ‘सेड टू कंटेन’ या शेऱ्याच्या जातीचे आहे, ज्याद्वारे जहाज कंपनी सांगते की आत काय आहे हे माल भरणाऱ्याचे म्हणणे असून कंपनीने स्वतः ते पाहिलेले नाही. ‘आपोआप गेला’ हे उत्तर त्याहून प्रौढ होय, कारण त्यास कायद्याचे अधिष्ठान आहे. सागरी विमा अधिनियम, १९६३ च्या कलम ५५ नुसार माल स्वतःच्याच अंगभूत दोषाने बिघडला तर विमा कंपनी सामान्यतः भरपाई देण्यास बांधील नसते, आणि हा युक्तिवाद सातवीतला मुलगा कलम न वाचता करू शकतो.

या दोन्ही उत्तरांची शहानिशा करण्याची एक खात्रीची रीत आहे. भेगेचा केंद्रबिंदू, म्हणजे ज्या ठिकाणाहून रेषा कोळिष्टकाप्रमाणे फाकतात ती जागा, प्रथम हेरावी. मग लॅपटॉप अगदी हलक्या हाताने मिटत नेऊन तो बिंदू कीबोर्डच्या कोणत्या कळीवर टेकू पाहतो हे निरखावे. त्या कळीच्या अवतीभवती इअरफोनची गोळी, टाचणी अथवा अर्धवट खाल्लेला फुटाणा आढळल्यास स्क्रीन पडून नव्हे तर वस्तू आत ठेवून झाकण मिटल्याने फुटली, असा निष्कर्ष निघतो आणि संशयितांची यादी फुटाणे खाणाऱ्यांपुरती आखडते. भेग कोपऱ्यातून निघालेली असेल तर लॅपटॉप स्क्रीनच्या टोकाला धरून उचलण्याची सवय कोणास आहे हे पाहावे. ही सवय बहुधा सर्व्हेअर म्हणून नेमलेल्या वडिलांनाच असते आणि अशा वेळी अहवाल पुढील आठवड्यावर ढकलण्याची प्रथा आहे.

आता निदान. येथे वर्णिलेली स्क्रीन एलसीडी जातीची आहे असे गृहीत धरले आहे. तिच्यात मागे एलईडी दिव्यांचा पांढरा प्रकाश, त्यापुढे काचेच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये कोंडलेले द्रवस्फटिक, आणि दोन्ही बाजूंस प्रकाशाची दिशा गाळणाऱ्या ध्रुवक पट्ट्या असतात. द्रवस्फटिक म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण स्फटिकासारखी शिस्त पाळणारा पदार्थ, जो १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करताना आढळला. रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० बिंदू असलेल्या नेहमीच्या पडद्यावर प्रत्येक बिंदूस लाल, हिरवा, निळा असे तीन उपबिंदू धरून बासष्ट लाखांहून अधिक झडपा सतत उघडझाप करीत असतात. काच तडकली की त्या भागातील स्फटिकांची शिस्त मोडते आणि शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो. वरून नख फिरवले तर पृष्ठभाग बहुधा गुळगुळीत लागतो, यावरून काही वडीलधारी मंडळी ‘काच शाबूत आहे, आतली सेटिंग बिघडली असेल’ असे मत देतात, ते ऐकून घ्यावे. असा डाग दिसल्यास पुढील चाचण्यांची गरज नाही, पॅनल बदलणे हाच उपाय.

डाग नसून स्क्रीन काळी असेल तर मात्र घाई करू नये. लॅपटॉपला एचडीएमआय वायरने घरचा टीव्ही जोडावा आणि चित्र टीव्हीवर पाठवावे. तेथे ते नीट दिसले तर ग्राफिक्सचा भाग बहुधा निर्दोष असून दोष पॅनलमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे, आणि टीव्हीवरही रेघोट्याच दिसल्या तर मदरबोर्डकडे संशय वळतो. मालिकेच्या वेळेत ही चाचणी करू नये, कारण त्यातून उद्भवणारे बिघाड या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहेत. त्यानंतर खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च तिरका मारावा. पुसट चित्र दिसल्यास झडपा काम करीत असून मागचा प्रकाश गेला आहे. झाकण मागेपुढे करताना चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी वायर दुखावली आहे किंवा तिचा कनेक्टर गंजला आहे. उरणची खारी हवा खिडकीच्या गजांना जी वागणूक देते तीच कनेक्टरच्या पिनांनाही देते. सर्वांत शेवटी, आणि खरे तर सर्वांत आधी, लॅपटॉपशेजारी मोबाईलचे चुंबकवाले फ्लिप कव्हर पडले आहे काय ते पाहावे, कारण अनेक लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्याचे चुंबकावरून ओळखणारा सेन्सर असतो आणि तो फसला की धडधाकट स्क्रीन काळी होते. या कारणाने बरा झालेला लॅपटॉप घरातील ज्या व्यक्तीने सहज कव्हर उचलले तिच्या कर्तृत्वाखाती जमा होतो. ओरखड्यावर टूथपेस्ट चोळणे आणि भिजलेला लॅपटॉप तांदळाच्या पिंपात पुरणे या दोन लोकप्रिय उपचारांपैकी पहिल्याने पॅनलचा मॅट लेप खरवडला जातो व दुसऱ्याने तांदूळ वाया जातात.

पॅनलची खरेदी हा या प्रांतातील सर्वांत करुण अध्याय आहे. देशाच्या प्रमुख बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा निम्म्याच्या आसपास वाटा ज्या बंदराचा, त्याच्या क्रेन द्रोणागिरीच्या गच्चीवरून दिसतात; जागतिक मालवर्गीकरणात २०२२ पासून सपाट डिस्प्लेसाठी ८५२४ असे स्वतंत्र शीर्षकही आहे, जे येथील कित्येक पोरांना तोंडपाठ असते; पण कंटेनर सीलबंद निघून जातो, आतील डिस्प्ले गोदामांतून फिरत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पोहोचतो आणि तेथून उरणकराने तो परत आणायचा असतो. त्यासाठी १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू डोळ्यांसमोर असला तरी त्यावर दुचाकीस मनाई आहे, म्हणून मोटारसायकलवाल्याने लोकल धरावी किंवा मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच. निघण्यापूर्वी जुन्या पॅनलच्या पाठीवरील स्टिकरचा फोटो घ्यावा; ‘पंधरा इंची, काळा’ एवढ्या वर्णनावर दुकानदार पॅनल देतो खरा, पण पिना तीस की चाळीस, कनेक्टर कोणत्या बाजूस, स्क्रूचे कान आहेत की नाहीत, यांतील एक जरी चुकले तरी दुसरी फेरी अटळ होते.

प्रत्यक्ष दुरुस्तीत चार्जर काढावा, खालचे झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवावा आणि मगच स्क्रीनला हात लावावा. स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट, जिला कारागीर बेझल म्हणतात, तिच्या आतल्या कडेत मुदत संपलेले एटीएम कार्ड सरकवून ती सोडवत न्यावी. प्रत्येक खाच सुटताना ‘कट’ असा आवाज येतो आणि त्या आवाजासरशी स्वयंपाकघरातून ‘मोडलं ना?’ अशी पृच्छा होते, तिला उत्तर देण्यात हात थांबवू नये. पॅनल कीबोर्डवर अंथरलेल्या मऊ फडक्यावर पालथे पाडावे. खालच्या कडेशी पारदर्शक पट्टीखाली वायरीचा चपटा कनेक्टर असतो. पट्टी सोलावी, धातूची बारीक कडी असल्यास ती उचलावी, आणि कनेक्टर पॅनलशी समांतर, सरळ मागे सरकवावा. तो वर उपटणारे बरेच आहेत. त्यांच्या पिना वाकतात आणि मग नवे पॅनलही काळेच दिसते. नवे जोडून, बॅटरी लावून, चित्र पाहूनच बेझल दाबावी.

खर्चाच्या वाटणीसाठी यॉर्क-अँटवर्प नियमांतील जनरल अ‍ॅव्हरेजचे तत्त्व वापरता येते, ज्यानुसार जहाज आणि माल सर्वांचाच जीव वाचावा म्हणून एखाद्याचा माल जाणूनबुजून समुद्रात टाकला तर ते नुकसान सर्वांनी आपापल्या हिश्श्याने सोसायचे असते. मांडीवरचा लॅपटॉप उतू जाणाऱ्या दुधाकडे धावताना पडला असेल तर हा दावा मांडता येईल, परंतु त्याग हेतुपुरस्सर होता हे सिद्ध करावे लागते, आणि दूध शेवटी उतू गेलेच असेल तर दावा टिकणे अवघड.

उरतो तो जुना डिस्प्ले. तो नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रियाकाराकडे द्यावा हे उत्तम, विशेषतः जुन्या लॅपटॉपचा, कारण त्यातील नळीच्या दिव्यात पारा असतो. तथापि ‘आतला लाइट चांगला आहे, कशाला तरी उपयोगी पडेल’ या ठरावाने तो सर्वानुमते माळ्यावर जातो, जेथे यार्डातल्याप्रमाणे ठरावीक दिवसांनंतर डेमरेजचा भुर्दंड चढत नसल्यामुळे तो कोणीही सोडवून नेत नाही.