श्री. ड्रोनराव यांस, मुक्काम पोस्ट आकाश

आदरणीय ड्रोनराव,

स. न. वि. वि.

आपलं खरं नाव आम्हाला ठाऊक नाही. आपला आवाज मात्र सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. रविवारी सकाळी धारा काढून होतात न होतात तोच डोक्यावर भुणभुण सुरू होते, आणि आम्ही समजतो की पुण्या-मुंबईकडची गाडी गावाबाहेरच्या वळणावर लागली, डिकी उघडली आणि आमच्या वरचं आकाश आपण ताब्यात घेतलं. एकदा गावातली पोरं चौकशीला आली, तेव्हा गाडीची काच अर्धी खाली करून आपण सांगितलंत, "249 ग्रॅमचा आहे, नियम लागू नाहीत." आणि काच वर गेली. एवढं थोडक्यात कायदा समजावणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. म्हणून हे अनावृत पत्र.

आधी एक गैरसमज दूर करतो. आम्ही ड्रोनला भुताटकी समजत नाही. गावठाणाच्या मोजणीसाठी स्वामित्व योजनेचा ड्रोन आमच्याकडे येऊन गेला. भारतीय सर्वेक्षण विभागाचा होता बिचारा, त्याला विचारून येण्याची खोड. आधी दवंडी झाली, मग ग्रामसभा. लोकांनी आपापल्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि त्यानंतर तो वर गेला. शेजारच्या गावात बचत गटाची एक ताई ड्रोननं पिकावर फवारणी करते. तिनं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवलं, आणि आजही कुणाच्या बांधावर यंत्र न्यायचं असेल तर आदल्या दिवशी घरी जाऊन सांगते. आपल्याकडे फक्त काळा चष्मा आहे. तरी रुबाब आपलाच जास्त, हे मान्य करावं लागेल.

आता आपल्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे जे नियम आपल्याला लागू नाहीत त्यांच्याकडे वळतो. सरकारनं आपल्यासारख्या हौशी मंडळींचे जेवढे लाड केलेत तेवढे शेतकऱ्याचे कधी केले नाहीत. 25 ऑगस्ट 2021 रोजी नवे ड्रोन नियम आले आणि आधीच्या 25 अर्जांचे 5 झाले, 72 प्रकारच्या शुल्कांचे 4 झाले. आम्हाला सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करायचं तर चपला झिजतात. आपल्याला 2 किलोपर्यंतचा ड्रोन हौसेखातर उडवायला पायलटचं प्रमाणपत्रसुद्धा लागत नाही. 250 ग्रॅमच्या वरच्या यंत्राची नोंदणी करायची, नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि विमा उतरवायचा. नोंदणीचं शुल्क किती? 100 रुपये. गडाच्या पायथ्याला आपण दोन वेळा चहा-भजी खाता, त्याहून कमीच.

हौसेखातर म्हणालो, कारण मागच्या खेपेला आपल्यासोबत एक नवरा-नवरी होते. नवरीचा लाल घेर ओढ्यावर पसरलेला, नवरा खडकावर हात फैलावून उभा, आणि आपण खाली बसून त्यांच्याकडून पुढचा हप्ता कधी मिळणार ते विचारत होता. पैसे घेऊन काम केलं की हौस संपते आणि धंदा सुरू होतो. धंद्यासाठी 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवायचा तर प्रमाणपत्र लागतं. आपला तर 249 ग्रॅमचा आहे म्हणा, तेव्हा प्रश्नच मिटला.

उंचीबद्दल आपण फार काटेकोर आहात असं ऐकतो. नकाशावर हिरवा पट्टा असेल तर 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण हे 400 फूट जमिनीपासून मोजायचे असतात आणि आपल्या हातातला पडदा उंची सांगतो ती जिथून उडवलं त्या जागेपासून. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून आपण यंत्र दरीकडे सोडता. पडद्यावर 40 मीटर दिसतात, आपण निर्धास्त. ड्रोनच्या खाली मात्र तेव्हा हजार फुटांहून जास्त मोकळी हवा असते. सह्याद्रीत माणूस एक पाऊल पुढे टाकून 400 फुटांचा नियम मोडू शकतो, ही सोय देशात फार थोड्या ठिकाणी असेल. शिवाय तो गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे नकाशाचा रंग कोणताही असो, वनखात्याला विचारावं लागतं. तिकडे कामशेतला माणसं छत्रीला लटकून उडतात. आपल्या ड्रोनचे पंखे त्यांच्या दोऱ्यांत अडकले तर वरून पडणारा जीव आपला नसेल, एवढाच काय तो दिलासा. सिंहगडावरून खाली खडकवासल्याचं पाणी दिसतं आणि काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिचंही छान दृश्य येईल, पण त्यानंतर आपली जी मुलाखत होईल ती घेणारा पत्रकार नसेल.

आता थोडं खाली उतरतो, आमच्या परसात. आमच्याकडे न्हाणीघराला भिंती आहेत, छप्पर सगळीकडे नाही. बायका परसात अंघोळी करतात, पाणवठ्यावर धुणी धुतात. शेकडो वर्षांत वरून कुणी पाहील अशी भीती नव्हती, म्हणून वरून झाकायचं कुणाला सुचलं नाही. आपण "फक्त घरांची कौलं टिपत होतो" असं म्हणाल. असेलही. पण वर घोंघावणाऱ्या डोळ्यात काय टिपलं जातंय हे खालच्या बाईला कसं कळावं? ती कपडे सावरत आत पळते. खासगी अवस्थेतल्या बाईला चोरून पाहणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षांची कैद आहे. त्या कलमात ग्रॅमांचा उल्लेख कुठेच नाही. आम्ही दोनदा वाचून पाहिलं.

आणि कडा. गावामागच्या कड्यावर दुरून पांढरे ओघळ दिसतात, तिथे लांब चोचीची गिधाडं राहतात. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक त्यांच्या मुळावर आलं आणि देशभरातली ही जात बघता बघता जवळपास संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार थोडी उरली होती. मादी वर्षाला एकच अंडं घालते. हिवाळ्यात ती कपारीत अंड्यावर बसलेली असते, नेमकी तेव्हाच आपल्याला स्वच्छ हवेतली सोनेरी पहाट हवी असते. आपण ड्रोन कपारीसमोर तरंगत ठेवलात. पक्षी उठला. आपल्याला "थरारक शॉट" मिळाला, अंडं उघडं पडलं. वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या जरूर वाचा. पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं तिच्यात शिकारीतच मोजलं आहे. बंदूक न घेता शिकारी व्हायचं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, अभिनंदन. त्याच कड्याला आग्या मोहोळही लटकलेलं आहे. ते उठलं तर गाडीची काच वर करून आपण सुटाल. खाली सरपण गोळा करणाऱ्या म्हाताऱ्यांकडे गाडी नसते.

आमच्या पोरांनी आपल्याला विचारलं, तेव्हा त्यांच्या हातात काठ्या होत्या, असं आपण नंतर रीलमध्ये सांगितलंत म्हणे. "गावकरी किती मागासलेले" असंही म्हणालात. काठ्यांची गोष्ट सांगतो. 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांवर रात्री ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी होत्या. कुणाचे, कशासाठी, कुणाला कळेना. चोर टेहळणी करतात अशी आवई उठली आणि दिवसभर चिखलात राबलेली माणसं रात्री काठ्या घेऊन जागू लागली. त्यात कुणी वाटसरू सापडला तर काय होईल, या धास्तीनं पोलीस पाटलांची झोप उडाली. पोलीस अधीक्षकांच्या हुकुमानं एखाद्या भागावर एका वेळी 96 तासांपुरता तात्पुरता लाल पट्टा जाहीर करता येतो. पण तो पाळणार कोण? नियम पाळणारा आधीच पाळत असतो. उरलेले संध्याकाळी दिवे लुकलुकवत फिरतात आणि त्यांच्या मागे गावंच्या गावं जागी राहतात. काठ्यांना तेव्हापासून सुट्टी मिळालेली नाही, ड्रोनराव.

आपला शेवटचा हुकमी एक्का आम्हाला ठाऊक आहे, "तुमच्या गावाची प्रसिद्धीच होते ना?" होते की. मागच्या श्रावणात आपण आमचा धबधबा दाखवलात, पुढच्या रविवारी वळणावर एवढ्या गाड्या लागल्या की बाळंतीण नेणारी रुग्णवाहिका रस्त्यावर अडकून पडली. प्रसिद्धी झाली यात शंका नाही. बाटल्या आम्ही वेचल्या.

आमचं मागणं मोठं नाही. सरकारनं आपल्यावर विश्वास टाकून कागद कमी केले. कागद कमी केले म्हणजे खालची माणसं कमी केली असं नव्हे. आकाशाचा नकाशा आपल्या मोबाइलमध्ये आहे, जमिनीचा मात्र इथल्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही. कोणत्या कपारीत घरटं आहे, कुठे परडं उघडं आहे, कोणत्या घरात मयत झालंय, हे कुठल्याच ॲपवर हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात दिसत नाही. ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दहा मिनिटांत कळतं, चहासकट. अभयारण्यात वनखात्याची चौकी आहे, संरक्षित किल्ल्यांना पुरातत्त्व खातं आहे. विचारा, आणि "नाही" म्हणाले तर पायी चढून डोळ्यांनी बघा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
कड्याखालचा एक रहिवासी

ता. क. गेल्या रविवारी वाऱ्यानं आपलं यंत्र भरकटलं आणि आपण दरीकडे पाहत बराच वेळ उभे होता. ते कड्याखालच्या वाळक्या गवतात सापडलं. बॅटरी फुगलेली होती. लिथियमची बॅटरी चेपली की पेट घेऊ शकते आणि फाल्गुनातलं गवत कुणाची वाट पाहत नाही, म्हणून पोरांनी ती वाळूच्या बादलीत ठेवली आहे. यंत्र पोलीस पाटलांकडे आहे. त्यांनी ते बॅटरीसकट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिलं. 249 ग्रॅमच्या बरंच पुढे काटा गेला, बहुधा आमच्याकडची हवा मानवली असावी. पोटावर परदेशी कंपनीचं नाव आहे. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, तेव्हा खरेदीची पावती सोबत असावी. नोंदणी क्रमांक मात्र उलटसुलट करून पाहिला तरी सापडला नाही. कागदपत्रं घेऊन दिवसाउजेडी यावं. नोंदणीचे 100 रुपये हाताशी नसतील, तर पाटील उसने द्यायला तयार आहेत.