१०३ चा गाजावाजा

"रात्रीचा गोंधळ ऐकलास का गं?"

नलूमावशींनी मधल्या भिंतीवर कोपर टेकलं, म्हणजे आता माझी मेथी काही निवडून होत नाही. गोंधळ ऐकला तर होताच. समोरच्या बंगल्यात साडेबाराला दिवे लागले, गाडी बाहेर काढताना गेटला घासली, आजी पायरीवर उभ्या राहून कुलदैवताला साकडं घालत होत्या. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो तीन वर्षांचा नातू बापाच्या कडेवरून आमच्या कुत्र्याला "भू भू, ये" म्हणून बोलावत होता.

"किती होता ताप?"

"१०३. थेट मिरजेला नेलं. डॉक्टरांनी कान, घसा, छाती बघितली, औषध वजनाप्रमाणं लिहून दिलं आणि घरी धाडलं. आल्या आल्या पोरानं बिस्किट मागितलं म्हणे."

"पण मावशी, १०३ म्हणजे काय कमी झाला? माझं तर पाणी पाणी झालं असतं. ताप डोक्यात चढला तर?"

"चढत नाही गं नुसता असा," मावशी म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी झालेली, त्यामुळं तापाचा विषय निघाला की त्यांच्या आवाजात आपोआप ड्यूटी येते. "थर्मामीटर बघायचाच, पण पोराकडं पण बघायचं. औषधानं ताप जरा उतरल्यावर खेळतंय, पाणी पितंय, शू करतंय, तुला बघून हात पसरतंय, तर सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबलं तरी चालतं. आणि ताप १०१ च आहे, पण पोर मान टाकून पडलंय, उठवलं तरी डोळे उघडत नाही, रडणंसुद्धा कण्हल्यासारखं, तर घड्याळात किती वाजलेत ते बघायचं नाही. निघायचं."

मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. म्हणजे खरी बातमी आता.

"मागच्या गल्लीतलं कळलं का? माहेरी आलेली बाळंतीण?"

"नाही. काय झालं?"

"बाळ सव्वा महिन्याचं. मी सहज गेले डिंकाचा लाडू घेऊन. तर पोरगं दुपट्यात गुंडाळलेलं, वर स्वेटर, वर टोपडं. या उकाड्यात! आजी म्हणते, आज फार शहाण्यासारखं झोपलंय, दूधसुद्धा मागत नाही. मला ते 'शहाण्यासारखं' खटकलं. सगळं सोडलं, जरा वारा लागू दिला, मग काखेत थर्मामीटर लावला. १००.६."

"म्हणजे कणकणच की."

"तेच सगळे म्हणाले! एवढ्याशा तापाला कुठं न्यायचं, दुपट्यानं गरम झालं असेल. मी म्हटलं, दुपटं सोडून किती वेळ झाला? रिक्षा बोलवा. अगं, तीन महिन्यांच्या आतलं बाळ असलं की १००.४ ला रेघ. तेवढं झालं किंवा वर गेलं की त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री डॉक्टर. तिथं मग बाळ हसतंय की खेळतंय ते बघत बसायचं नाही. आणि घरातलं तापाचं औषध आधी पाजून ताप झाकायचा नाही."

"इतकं?"

"इतकं. त्या वयात जंतू एका जागी थांबत नाहीत, बघता बघता रक्तात उतरतात, आणि वरून दिसतं काय, तर नुसतं दूध कमी पितंय. कधी कधी तापसुद्धा येत नाही, उलट अंग गार पडतं. त्यालाही तितकंच घाबरायचं. या बाळाच्या लघवीत इन्फेक्शन निघालं. सलाईनमधून अँटिबायोटिक चालू आहे, काल संध्याकाळपासून दूध ओढायला लागलंय. आता बघ, ना गाडी घासली ना कुणी साकडं घातलं, म्हणून गल्लीला पत्ताच नाही."

मी मेथीची जुडी बाजूला ठेवली. आमच्या जावेचा नातू दीड महिन्याची लस घेऊन आल्यावर तापला होता, तसं झालं तर काय करायचं ते विचारलं. मावशींचं म्हणणं, पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येतो हे खरं, लस देतानाच सिस्टर सांगतात. पण इतक्या लहान बाळाचा ताप वाढला किंवा ते दूध घेईना झालं तर 'लसीचाच असेल' असं घरी ठरवू नये. डॉक्टरांना ठरवू द्यावं. दात येताना ताप येतो ही तर त्यांच्या मते आळशी माणसांची समजूत. अंग जरा कोमट लागेल. १०२ दातांचा नसतो.

"आणि आकडी आली तर?" मी विचारलं. आमच्या वाड्यात लहानपणी कुणाला तरी आली होती, तेव्हा कांदा फोडून नाकाशी धरलेला मला आठवतो.

"कांदा, चप्पल, तोंडात चमचा, सगळं बघितलंय मी. चमच्यानं दात पडून आलेलं पोरसुद्धा." मावशींनी हात झटकला. "सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच पोरांना तापात झटके येतात. बघवत नाही, पण बहुतेक वेळा आपोआप थांबतात. कुशीवर वळवायचं, गळ्याशी घट्ट असेल ते सोडायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा थांबून परत आलं, तर १०८ लावायचा. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी दाखवून यायचंच."

श्वासाचं मात्र त्यांनी हातानं करून दाखवलं. पोराचा शर्ट वर करायचा, रडत नसताना पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजायचं. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचं ५० किंवा वर, एक ते पाच वर्षांच्या मुलाचं ४० किंवा वर गेलं तर छातीत काहीतरी आहे. "आणि आपल्याकडं म्हणतात ना, पोट उडतंय, बरगड्या आत जातायत, ते दिसलं तर मोजतसुद्धा बसू नको. ओठ निळसर, मान ताठ, टाळू फुगलेली, अंगावर दाबून न जाणारे लाल-जांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तरी तसंच."

"आता मला तर डेंगीचीच भीती वाटते. सगळ्या कॉलनीत फवारणी चाललीय."

"त्यातली मेख सांगू? ताप असताना नाही, ताप उतरताना जपायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप जातो, घरातले म्हणतात सुटलो, आणि तेव्हाच पोट दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, हातपाय गार पडतात, सहा-सहा तास शू नाही. पोर गप्प होतं नाहीतर उगाच चिडचिड करतं. तेव्हा आकडा ९८ असतो बरं! थर्मामीटर बघून खूश झालेली किती माणसं मी वॉर्डात बघितलीत."

"मग ते लवकर ताप उतरवणारं औषध असतं बघा, मेडिकलवाला देतो..."

"मेफेनॅमिकचं? नाहीतर आयबुप्रोफेन? डेंगीची शंका असताना हात लावू नको, रक्तस्राव वाढतो. ॲस्पिरिन तर पोरांना नाहीच. निमेसुलाइड २०११ मध्येच बारा वर्षांच्या आतल्यांना बंद केलंय, तरी कुणाच्या ना कुणाच्या डब्यात निघतंय. साधं पॅरासिटामॉल बरं. तेही किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसाला चारच्या वर नाही. आणि बाटली वाचायची! थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० असतात, सिरपात २५ नाहीतर ५०. थेंबांचं औषध सिरपाच्या मापानं दिलं तर दुप्पट-चौपट जातं पोटात. समोर रात्री उलटं झालेलं. बारा किलोच्या पोराला आजीनं अर्धा चमचा पातळ सिरप पाजलं, मग ताप उतरणार कसा? डॉक्टरांनी तिथं पुरेसं दिलं, अर्ध्या-पाऊण तासात घाम सुटला."

इतक्यात समोरच्या आजीच फाटकात आल्या. हातात प्रसादाची वाटी, चेहरा प्रसन्न.

"बरंय का नातू?" मावशींनी मधाळ आवाजात विचारलं.

"बरंय हो. काय सांगू, दवाखान्यात नेऊन काही उपयोग नव्हता. घरी आल्यावर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, मोहऱ्या अशा तडतडल्या, अशा तडतडल्या! आणि अंगाला हात लावते तर गार!"

मावशींनी प्रसाद घेतला, तोंडात टाकला आणि मला भिंतीखालून पाय मारायचं तेवढं बाकी ठेवलं. "कुणाची लागली होती हो दृष्ट?" त्यांनी विचारलं, आणि आजी भिंतीला अगदी खेटून उभ्या राहिल्या.